निराधारचा पगार आणि दाखल्यांची साखळी

काम नसलेल्या धडधाकट माणसाला दरमहा ठरावीक भत्ता देणारी सर्वसाधारण योजना महाराष्ट्रात नाही. राज्यघटनेच्या कलम ४१ मध्ये बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि अपंगत्व या प्रसंगी सरकारी साहाय्याचा उल्लेख आहे. पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे आणि राज्याच्या आर्थिक कुवतीची मर्यादा त्याला तिथेच घातलेली आहे. ब्रिटनमध्ये १९११च्या राष्ट्रीय विमा कायद्याने बेकारीचा विमा सुरू केला. आपल्याकडे मदतीची विभागणी माणसाच्या स्थितीनुसार झाली. हातपाय चालणाऱ्याला रोजगार हमीचे काम, विधवेला व दिव्यांगाला निराधार अनुदान, म्हाताऱ्याला श्रावणबाळ, कुटुंबाला राशन, कारखान्यातून कमी केलेल्याला विमा महामंडळाचा भत्ता. त्यामुळे अमरावती-अकोल्याकडे एखाद्या घराची मिळकत थांबली की आधी ठरवावे लागते ते हे, की आपण कोणत्या प्रकारात बसतो. त्यानंतर येतो तो कागदाचा प्रश्न: ते सिद्ध करणारा दाखला कोणता, आणि तो देतो कोण?

हंगाम आणि रिकामे महिने

वऱ्हाडातली बेकारी बरीचशी हंगामी आहे. कापूस, सोयाबीन आणि तूर ही इथली मुख्य पिके खरिपाची. जून-जुलैत पेरणी, मग निंदण-खुरपण, दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी आणि दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी, एवढ्या काळात शेतमजुराच्या हाताला काम असते. वेचणी आटोपली की पुढच्या मृगापर्यंत गावातली मजुरी आटते. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या खारपाणपट्ट्यात भूगर्भातले पाणी खारे असल्याने ओलीत कमी आणि उन्हाळी पिके जवळपास नाहीतच. दर्यापूर, भातकुली, अकोट, बाळापूर, मूर्तिजापूर या तालुक्यांचा बराच भाग त्यात येतो. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्याची स्थिती थोडी वेगळी. मेळघाटातल्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील कोरकू कुटुंबे सोंगणी-कापणीच्या कामांसाठी मैदानी भागात उतरतात आणि होळीला गावी परततात. त्यानंतरचे महिने सरकारी कामावर अवलंबून असतात.

मागेल त्याला काम

हाताला काम देणारी महाराष्ट्राची योजना देशाच्या कायद्याहून जुनी आहे. वि. स. पागे यांनी कल्पना मांडली, सांगली जिल्ह्यातील तासगावात तिचे प्रयोग झाले आणि १९७२च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली. त्या वेळी मुख्यमंत्री होते पुसदचे वसंतराव नाईक. १९७७मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि तो २६ जानेवारी १९७९पासून अमलात आला. नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवून खर्चाची सोय करण्यात आली. केंद्राचा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा २००५चा. फेब्रुवारी २००६मध्ये तो देशातील २०० जिल्ह्यांत सुरू झाला आणि त्या पहिल्या यादीत अमरावती होते.

या कायद्यात ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी देण्यात आली. त्यापुढच्या दिवसांची जबाबदारी महाराष्ट्राने स्वतःच्या कायद्यानुसार उचलली. महाराष्ट्रासाठी २०२५-२६चा मजुरीदर दिवसाला ३१२ रुपये ठरला. डिसेंबर २०२५मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी 'विकसित भारत – रोजगार आणि आजीविका हमी मिशन (ग्रामीण)' हा नवा कायदा मंजूर केला. त्यात हमीचे दिवस १२५ आहेत आणि पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षाला ६० दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची तरतूद आहे.

जुन्या कायद्याखाली रुळलेली अर्जाची रीत अशी. कुटुंबाने ग्रामपंचायतीत नोंदणी करून जॉबकार्ड घ्यायचे. जॉबकार्ड हाती आले म्हणजे काम मिळाले असे होत नाही. कामाची मागणी वेगळी करावी लागते. ती 'नमुना ४'मध्ये लेखी द्यायची आणि तारीख घातलेली पोच घ्यायची. सगळी हमी या पोचेवर उभी आहे. मागणीच्या तारखेपासून १५ दिवसांत काम दिले नाही तर बेरोजगार भत्ता लागू होतो: पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश, पुढे किमान निम्मा. ग्रामरोजगार सेवकाला तोंडी 'काम पाहा' म्हटले तर १५ दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे, याचा पुरावा राहत नाही आणि भत्त्याचा दावा तिथेच संपतो. काम गावापासून पाच किलोमीटरच्या आत असावे, लांब असल्यास मजुरी दहा टक्के वाढवून द्यावी, हाही नियम आहे. शेततळे, विहीर, फळबाग, पांधण रस्ता ही या भागातली नेहमीची कामे.

निराधार आणि श्रावणबाळ

जे काम करू शकत नाहीत किंवा ज्यांचा कर्ता माणूस गेला, त्यांच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. ती २ ऑक्टोबर १९८०ला सुरू झाली. गावाकडे तिला 'निराधारचा पगार' म्हणतात. ६५ वर्षांखालील विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रिया, दिव्यांग, अनाथ मुले, क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग, एड्स अशा आजारांनी कमावण्याची ताकद गेलेले रुग्ण, तृतीयपंथी, तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्या कैद्याची पत्नी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची विधवा, असे बरेच गट तिच्यात येतात. वय ६५ झाले की निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. दोन्हींचे अनुदान जुलै २०२३पासून दरमहा १,५०० रुपये झाले. दिव्यांगांसाठी ते ऑक्टोबर २०२५पासून २,५०० रुपये करण्याचा निर्णय झाला.

श्रावणबाळचे दोन गट आहेत. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असलेल्या वृद्धाला केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाचे २०० रुपये, ऐंशी ओलांडल्यावर ५०० रुपये, मिळतात आणि उरलेली रक्कम राज्य भरते. केंद्राचा आणि राज्याचा वाटा वेगवेगळ्या तारखांना जमा झाला तर 'या महिन्याचा पगार अर्धाच आला' असा गैरसमज होतो. यादीत नाव नसलेल्या वृद्धाला पूर्ण रक्कम राज्याकडून मिळते, पण त्याला उत्पन्नाचा दाखला द्यावा लागतो.

उत्पन्नाची अट हा या दोन्ही योजनांचा सर्वांत अवघड भाग आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत असावे लागते. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे. एखाद्या घरातल्या माणसांनी रोजगार हमीवर वर्षाला पूर्ण १०० दिवस काम केले तर ३१२ रुपयांच्या दराने ३१,२०० रुपये होतात. म्हणजे सरकारने हमी दिलेले किमान काम पुरते मिळाले, तरी ते कुटुंब निराधारच्या मर्यादेबाहेर जाते. अनुदानच वर्षाला १८,००० रुपये आहे. त्यामुळे तहसीलमधून निघणाऱ्या उत्पन्नाच्या दाखल्यावर कोणता आकडा लिहिला जातो, यावर बहुतेक अर्जांचे भवितव्य ठरते. तो आकडा तलाठ्याच्या चौकशी अहवालावरून येतो: सातबारा, घरातली कमावती माणसे, मजुरीचे अंदाजे दिवस. २०२४मध्ये तलाठ्याचे पदनाम 'ग्राम महसूल अधिकारी' झाले. वऱ्हाडी बोलण्यात तो अजून पटवारीच आहे.

अर्ज तहसील कार्यालयात किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून करता येतो. सोबत वयाचा पुरावा, राज्यात किमान १५ वर्षे राहत असल्याचा दाखला, आधार, राशन कार्ड, बँक पासबुक आणि ज्या गटातून अर्ज आहे त्याचा खास कागद. विधवेला पतीचा मृत्यू दाखला, दिव्यांगाला किमान ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र, आजाऱ्याला सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला. परित्यक्तेची अडचण सर्वांत मोठी. नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या, पण कोर्टाची पायरी न चढलेल्या बाईकडे तिची स्थिती सांगणारा कोणताही कागद नसतो. गावपातळीवरच्या चौकशीवर आणि दाखल्यावरच तिचा अर्ज तरतो. अर्जाची छाननी झाल्यावर तो तालुक्याच्या संजय गांधी निराधार योजना समितीपुढे जातो. समितीचा अध्यक्ष अशासकीय असतो आणि बैठक लांबली की मंजुरीही लांबते.

या योजनेच्या शेजारी आणखी तीन आधार आहेत. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातला १८ ते ५९ वयाचा कर्ता माणूस वारल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. आई किंवा वडील गमावलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपयांची तरतूद आहे आणि तिचा अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयाकडे जातो. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या स्त्रियांसाठी जुलै २०२४पासून मुख्यमंत्री लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये आहेत. पण निराधारचे १,५०० घेणाऱ्या बाईला ते वेगळे मिळत नाहीत.

आत्महत्याग्रस्त घर

अमरावती विभागात वेगळा लिहावा लागतो तो आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाचा अर्ज. जुलै २००६मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यात अमरावती आणि अकोला दोन्ही होते. वसंतराव नाईक शेती स्वावलंबन मिशनचे मुख्यालयही अमरावतीतच ठेवण्यात आले. राज्याची थेट मदत एक लाख रुपयांची: ३०,००० रोख आणि ७०,००० ठेवीच्या रूपात. तहसीलदाराच्या चौकशीनंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीत प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ते ठरते. शेती कुटुंबाच्या नावावर होती का, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे होते का, नापिकीमुळे ते थकले का आणि वसुलीचा तगादा होता का, हे पाहिले जाते. कर्ज नातेवाइकाचे किंवा विनापरवाना सावकाराचे असेल तर ते कागदावर दिसत नाही. प्रकरण अपात्र ठरले तरी विधवेचा निराधारचा हक्क संपत नाही. तो अर्ज स्वतंत्र आहे आणि त्याला पतीच्या मृत्यूचे कारण आड येत नाही. सातबारावर वारस नोंद करून घेणेही तितकेच गरजेचे, कारण शेतकरी म्हणून मिळणारी पुढची प्रत्येक मदत तिच्या नावच्या जमिनीवरून ठरते.

राशन

धान्य राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली मिळते. महाराष्ट्रात तो १ फेब्रुवारी २०१४पासून लागू आहे. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, आणि जानेवारी २०२३पासून हे धान्य मोफत आहे. प्राधान्य यादीसाठी उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपये. कार्डाच्या रंगावरून धान्याचा हक्क ठरत नाही. केशरी कार्ड प्राधान्य यादीत असू शकते किंवा नसूही शकते. ऑनलाइन नोंदीत कुटुंबाचा बारा अंकी क्रमांक कोणत्या गटात आहे, ते महत्त्वाचे.

अमरावती विभाग, मराठवाडा आणि वर्धा मिळून १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना जुलै २०१५पासून स्वस्त धान्य मिळत होते. २०२३मध्ये धान्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये खात्यात देण्याचे ठरले आणि पुढे ते १७० झाले. या पैशासाठी कार्डावरच्या बाईचे नाव, तिचे बँक खाते आणि आधार जुळावे लागते. नव्या सुनेचे नाव चढवताना माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला लागतो. तो आणलेला नसेल तर ती माहेरी आणि सासरी दोन्हीकडे राशनविना राहते. ई-केवायसीसाठी दुकानातल्या यंत्रावर अंगठा लावावा लागतो. वर्षानुवर्षे निंदण-वेचणी केलेल्या म्हाताऱ्या बायांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि ठसा उमटत नाही. अशा वेळी डोळ्यांच्या बुबुळाची तपासणी हा पर्याय आहे.

शहरातला कामगार

अमरावतीच्या नांदगाव पेठ किंवा अकोल्याच्या शिवणी औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराचा रस्ता वेगळा. पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि कर्मचारी राज्य विमा महामंडळाची वर्गणी कापली जात असेल, तर नोकरी गेल्यावर अटल बिमित व्यक्ती कल्याण योजनेतून ९० दिवसांपर्यंत सरासरी दैनिक वेतनाच्या निम्मी रक्कम मिळू शकते. दावा बेकारीचे ३० दिवस झाल्यावर करता येतो आणि हा लाभ आयुष्यात एकदाच मिळतो. जुलै २०१८मध्ये आलेल्या या योजनेची मुदत वेळोवेळी वाढवण्यात आली आहे. प्रत्यक्ष बेकारीसाठी रोख देणारी जी थोडी साधने आपल्याकडे आहेत, त्यांतले हे एक. पण कंत्राटदाराने वर्गणीच भरली नसेल तर कामगाराच्या हाती काही लागत नाही. म्हणून नोकरीत असतानाच विमा क्रमांक माहीत करून घेणे शहाणपणाचे.

गवंडी, सेंट्रिंग किंवा रंगकाम करणाऱ्यांसाठी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात किमान ९० दिवसांचे बांधकाम, ही नोंदणीची अट. नव्वद दिवसांचा दाखला कंत्राटदार, ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडून घ्यावा लागतो आणि नोंदणीचे नूतनीकरण दरवर्षी असते. नूतनीकरण चुकले की मुलांची शिष्यवृत्ती, उपचाराची मदत आणि मृत्यूनंतरचे साहाय्य, सगळेच थांबते.

शिकलेल्या तरुणांनी 'महास्वयम्'वर नाव नोंदवायचे असते. जुन्या सेवायोजन कार्यालयाचे काम आता जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र पाहते. २०२४मध्ये आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठेवले गेले. ते प्रशिक्षणाच्या ठरावीक मुदतीपुरते असते.

एका दाखल्यामागे दुसरा

वरच्या जवळपास प्रत्येक अर्जात अडखळण्याची जागा एकच आहे. निराधारला उत्पन्नाचा दाखला लागतो, उत्पन्नाच्या दाखल्याला पटवाऱ्याचा अहवाल, अहवालाला सातबारा किंवा भूमिहीन असल्याची नोंद आणि राशन कार्ड, राशन कार्डाला आधार, आणि आधारवरचे नाव इतर सगळ्यांवरच्या नावाशी जुळावे लागते. साखळीतली एक कडी सुटली की पात्र माणूसही बाहेर राहतो. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, सातबारावर 'वच्छलाबाई', आधारवर 'वत्सला', पासबुकावर फक्त 'वत्सलाबाई' आणि मृत्यू दाखल्यावर नवऱ्याचे घरगुती नाव: असे पाच कागद एकाच बाईचे आहेत हे सगळ्या गावाला माहीत असते, पण संगणक ती पाच माणसे धरतो. म्हणून अर्ज भरण्याआधी सगळे कागद एकापुढे एक मांडून नाव, जन्मतारीख आणि पत्ता ताडून पाहावा आणि दुरुस्ती आधारपासून सुरू करावी.

अंतर हीसुद्धा अडचण आहे. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, मध्ये मेळघाटचा घाट. जिल्हा सामान्य रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या बोलीतल्या इर्विनमध्ये, तपासणीला यायचे तर मजुरी बुडते, भाडे लागते आणि काम एका फेरीत उरकेलच असे नाही. दलालाचे फावते ते इथे. दाखल्यांचे शुल्क सरकारने ठरवलेले असते, केंद्रावर त्याचा फलक लावणे बंधनकारक आहे आणि पावती मागता येते. बऱ्याच कामांत प्रतिज्ञापत्राऐवजी २०१५पासून साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र चालते.

पैसे कोणत्या खात्यात गेले?

मंजुरीचे पत्र आल्यावरही 'पैसे आले नाहीत' ही तक्रार राहते. अनुदान आता थेट खात्यात येते, पण कोणत्या खात्यात ते अर्जावरच्या खाते क्रमांकावरून ठरतेच असे नाही. आधार क्रमांक ज्या खात्याशी शेवटचा जोडला गेला, तिकडे रक्कम वळते. एखाद्या बाईने अर्जात गावातल्या बँकेचे पासबुक लावलेले असते. मधल्या काळात सिमकार्ड घेताना किंवा शिबिरात अंगठा देऊन तिच्या नावे दुसरे खाते उघडले गेलेले असते आणि पैसे तिथे पडून राहतात. बँकेत 'खात्याला आधार लावले आहे का' एवढे विचारून भागत नाही. केवायसीसाठी आधारची प्रत घेणे वेगळे आणि थेट लाभासाठी खाते जोडणे वेगळे. दुसऱ्या जोडणीची खात्री करून घ्यावी. बरेच महिने व्यवहार न झाल्याने खाते बंद पडले असेल तर तेही आधी सुरू करून घ्यावे लागते. निराधार आणि श्रावणबाळच्या लाभार्थ्यांना दरवर्षी हयातीचा दाखलाही द्यावा लागतो. तो राहिला तर चालू पगार थांबतो.

अर्ज अडला किंवा नाकारला तर

अर्जाची पोच आणि त्यावरचा टोकन क्रमांक जपून ठेवणे ही पुढच्या सगळ्याची सुरुवात. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या अधिसूचित सेवांना मुदत बांधलेली आहे. मुदतीत दाखला मिळाला नाही किंवा नाकारला गेला तर ३० दिवसांत त्याच विभागातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते, मग दुसरे, आणि शेवटी लोकसेवा हक्क आयोगाकडे. आयोगाच्या अमरावती विभागाचे कार्यालय अमरावतीतच आहे. कसूर ठरल्यास संबंधित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नकार तोंडी मिळाला तर त्यावर अपील करणे कठीण जाते. म्हणून कारण लेखी मागावे. ते दिले नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर आपल्या प्रकरणाची टिपणी आणि समितीचा शेरा मागवता येतो.

निराधार-श्रावणबाळच्या नकारावर जिल्हाधिकारी कार्यालयात दाद मागता येते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिथे लोकशाही दिन असतो आणि तक्रार लेखी नोंदवली जाते. नकाराचे कारण अपुरा कागद असेल तर अपिलात वेळ घालवण्यापेक्षा तो कागद मिळवून नवा अर्ज करणे लवकर फळते. कारण चुकीचे असेल, म्हणजे पात्र असूनही उत्पन्न जास्त धरले किंवा यादीतले नाव पाहिलेच नाही, तर अपीलच करावे. कोर्टात जायची वेळ आली तर स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसे, दिव्यांग आणि अल्प उत्पन्न गटातल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. अमरावती आणि अकोला दोन्ही ठिकाणी प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयात आहे.